गिटारीचा आवाज कोठे असतो?

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय गिटार हा आहे. परंतु गिटार कशी वाजवावी हे सांगण्यासाठी मी आलेलो नाही. तो माझा अधिकार नव्हे. मुलांच्या गाण्याला चार सूर धरून साथ करावी, यापलीकडे माझी मजल गेलेली नाही. मी सांगणार आहे ते गिटार घडते कशी याविषयी. आणि या विषयाकडे मी वळलो तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. तेव्हा प्रथम ती चूकच कबूल करतो.

माझे एक मामा बोटीवर नोकरीला होते. नोकरी संपवून बेळगावास परतताना त्यांनी स्पॅनिश धाटणीची, हाताने घडविलेली एक गिटार बरोबर आणली. त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली. मी त्या वेळी शिक्षकाच्या नोकरीत नुकताच लागलो होतो. डिसेंबर महिना होता, नाताळची गाणी बसवावयाची होती. गाणारी मुले चाळीस आणि गिटारीचा आवाज मऊ. तिच्या नायलॉनच्या तारा काढून पोलादी तारा चढविल्या म्हणजे आवाज मोठा होईल, असे कोणी तरी सांगितले. मी बाजारातून तारांचा संच आणला आणि चढविला. आवाज खरोखरच मोठा झाला. पुढे दोनतीन आठवड्यांत तारा दाबताना बोटांना अधिक जोर लागू लागला, आणि ज्या लाकडी घोडीला तारा बांधलेल्या असतात तिच्या मागची बाजू किंचित फुगल्यासारखी दिसू लागली. मी तिकडे लक्ष दिले नाही. नाताळला दोन दिवस उरले असता मध्यरात्री घरात बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. उठून पाहतो तो घोडी उखडून तारांना लोंबकळत होती, आणि तिच्याबरोबर खालच्या लाकडाची ढलपीही निघून आली होती.

कॅम्प भागात व्हायोलिनी आणि हार्मोनियम दुरुस्त करणारे एक वृद्ध मेस्त्री होते. त्यांच्याकडे ती गिटार घेऊन गेलो. त्यांनी छिद्रातून आत एक लहान दिवा सोडला, आरसा धरला, बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, "मास्तर, ही वरची फळी जाड किती असेल, सांगा पाहू?"

मी म्हणालो, "पाव इंच तरी असेल."

"दोन मिलिमीटरच्या जरा वर. नायलॉनच्या सहा तारा मिळून तिला चाळीसेक किलोच्या ओझ्याने ओढतात. तेवढ्याच ओढीसाठी ती घडविलेली. तुम्ही चढविल्यात त्या तारांची ओढ सत्तरपंचाहत्तर किलोची. या फळीला तुम्ही आणखी एक चांगला वाढता मुलगा लटकविलात."

मी ओशाळून विचारले, "मग मेस्त्री, ही फळी मुळातच जाड का करीत नाहीत?"

ते हसले. "जाड केली म्हणजे तुटणार नाही हे खरे, पण मग ती वाजणारही नाही."

मेस्त्रींच्या या एका उत्तरात गिटार घडविण्याची सारी विद्या आहे. आज मी जे सांगणार आहे तो त्या उत्तराचा विस्तार आहे.

आपल्याकडे सतार वा तंबोरा यांच्या भोपळ्यावर जी लाकडी फळी बसविलेली असते तिला मिरजेचे कारागीर तबली म्हणतात. गिटारीच्या वरच्या फळीलाही आपण तबलीच म्हणू. आता असे पाहा, तार कितीही जोराने छेडली तरी ती एकटी जवळजवळ मुकी असते. भिंतीत दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये तार ताणा आणि छेडा. हाताच्या अंतरावरही ती नीट ऐकू येणार नाही. कारण तार बारीक असते. ती हवेला कापीत जाते, ढकलीत नाही. हवा ढकलावयाची तर रुंद पृष्ठभाग हवा. पंख्याची काडी हलवून वारा येत नाही, त्याला पान लागते. तारेचे कंपन घोडीतून तबलीत उतरते, आणि तबली आपल्या सगळ्या रुंदीनिशी हवेला पुढेमागे ढकलते. आपण ऐकतो तो आवाज मुख्यतः तबलीचा असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तबली आवाजात स्वतःची काही भर घालीत नाही. बोटाने तारेला जेवढी शक्ती दिली तेवढीच तिच्यापाशी असते. ती शक्ती खर्च कशी करावयाची एवढेच तबली ठरविते. तबली फार हलकी व लवचिक असली तर तारेची सारी पुंजी एका क्षणात उधळली जाते. आवाज ठसठशीत निघतो, पण लगेच विझतो. तबली जड व ताठर असली तर पुंजी कृपणासारखी जपली जाते. सूर रेंगाळतो, पण सभागृहाच्या तिसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. चांगली गिटार या दोहोंच्या मध्ये कोठे तरी असते. आणि ती जागा शोधताना तबलीने तारांची ओढ वर्षानुवर्षे सोसली पाहिजे, ही अट कायम असतेच.

ही तडजोड किती नाजूक आहे हे साध्या गणिताने कळते. फळीचे वजन तिच्या जाडीच्या प्रमाणात कमीजास्त होते. परंतु वाकण्यास होणारा तिचा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट होते, ताठरपणा मात्र आठपट. उलट २.५ मिलिमीटरची तबली रंध्याने २ मिलिमीटरवर आणली, तर वजन पाचव्या हिश्शानेच घटते, पण ताठरपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. अर्ध्या मिलिमीटरचा हा खेळ आहे. रंधा दोन वेळा अधिक फिरला तर फिरलाच. काढलेले लाकूड परत लावता येत नाही.

म्हणून लाकूड असे हवे की जे हलके असूनही ताठ असेल. या परीक्षेत उतरलेले लाकूड म्हणजे युरोपातील थंड डोंगरांवर वाढणारा स्प्रूस. हा वृक्ष आपल्या हिमालयातील देवदाराच्याच कुळातला. थंडीमुळे त्याची वाढ सावकाश होते व त्याच्या वार्षिक वलयांच्या रेषा एकमेकींलगत, सरळ येतात. अशा लाकडाचा ताठरपणा रेषांच्या दिशेने जेवढा असतो त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी तो आडव्या दिशेने असतो. खोड कापावयाचे तेही गाभ्याकडून सालीकडे, चक्राच्या आऱ्यांप्रमाणे. म्हणजे वलयांच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या राहतात, फळी वाकडी होत नाही आणि तिला बळ येते. अशी एक फळी मधोमध चिरून पुस्तक उघडावे तशी उघडतात व दोन्ही पाने सरसाने सांधतात. त्यामुळे तबलीची डावी व उजवी बाजू एकमेकींची प्रतिबिंबे होतात. हे केवळ शोभेसाठी नसते. दोन्ही अंगांनी सारखेच वागावे, हा त्यातला खरा हेतू आहे.

एवढे करूनही एका झाडाची फळी दुसऱ्या झाडाच्या फळीसारखी नसते; फार काय, एकाच खोडाच्या दोन फळ्याही अगदी सारख्या नसतात. यामुळे कारागीर केवळ मापावर विसंबत नाही. तो फळी दोन बोटांत सैल धरून दुसऱ्या हाताच्या पेराने ठोठावतो व ऐकतो. दोन्ही हातांनी किंचित वाकवून तिचा विरोध अजमावतो. एक फळी २.३ मिलिमीटरवर थांबवावी लागते, दुसरी २ मिलिमीटरवरही ताठच असते. कारखान्यात सर्व फळ्या एकाच जाडीला कापल्या जातात, आणि नेमकी कमजोर फळीसुद्धा टिकावी म्हणून ती जाडी थोडी अधिकच ठेवावी लागते. हाताने घडविलेल्या वाद्याचे श्रेष्ठत्व काही असेल तर ते येथे आहे. हातात गूढ असे काही नसते. हात प्रत्येक फळीला निराळा प्रश्न विचारू शकतो, एवढेच.

आता एवढी पातळ फळी तारांची ओढ सोसते कशी? याचे उत्तर बाहेरून दिसत नाही. मेस्त्रींनी आरशात दाखविले तेव्हाच मला ते दिसले. तबलीच्या पोटाला आतून लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटविलेल्या असतात. शाळेतील फूटपट्टी आडवी धरून वाकविली तर वाकते, उभी धरली तर वाकत नाही. त्याच न्यायाने या पट्ट्या अरुंद पण उंच ठेवतात. थोड्या वजनात पुष्कळ आधार मिळतो. स्पॅनिश गिटारीत घोडीखाली या पट्ट्या हातपंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या असतात.

ही रचना आज जगभर ज्या रूपात आढळते ते रूप तिला स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस या कारागिराने दिले. तोरेस १८१७ साली आल्मेरियाजवळ जन्मला, मूळचा सुतार. पुढे सेव्हिल शहरात त्याने गिटारी घडविण्यास आरंभ केला. पंख्यासारख्या पट्ट्या त्याच्या आधीही काही कारागीर वापरीत असत. तो काही पहिला नव्हे. पण त्याने गिटारीचे अंग मोठे केले, तबली पातळ करून तिला किंचित घुमटाकार दिला, सात पट्ट्यांचा पंखा नेमका बसविला, आणि तारेची लांबी सुमारे ६५० मिलिमीटर ठेवली. आजची शास्त्रीय गिटार बव्हंशी याच मापावर चालते. फ्रान्सिस्को तारेगा या थोर वादकाने १८६९ साली घेतलेली गिटार तोरेसनेच १८६४ साली घडविलेली होती. असे असूनही या कारागिराला काही वर्षे हा धंदा सोडून आल्मेरियात काचसामानाचे दुकान चालवावे लागले. १८७५ च्या सुमारास तो पुन्हा गिटारीकडे वळला आणि १८९२ साली मरेपर्यंत वाद्ये घडवीत राहिला.

या तोरेसने १८६२ साली एक विलक्षण गिटार घडविली. तिची तबली नेहमीसारखी स्प्रूसची. पण पाठ आणि कडा मात्र कागदाच्या पुठ्ठ्याच्या! ती आज बार्सेलोनातील संगीत संग्रहालयात आहे. गिटारीचा आवाज प्रामुख्याने तबलीत असतो, पाठीच्या मौल्यवान लाकडात नव्हे, हे त्याला दाखवावयाचे होते असे मानतात. वादविवादात शंभर वाक्ये बोलण्यापेक्षा त्याने एक वाद्य करून दाखविले. शिक्षकाच्या पेशात असल्यामुळे म्हणा, मला ही रीत फार भावते.

तरी पाठ आणि कडा यांना काहीच काम नसते असे नव्हे. त्या तबलीला घट्ट चौकट देतात आणि आत हवा कोंडून धरतात. कडांच्या पट्ट्या सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या पाण्याने भिजवून तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वाकवितात. घाई केली तर पट्टी कडकन मोडते, आणि उष्णता अधिक झाली तर जळते. स्पॅनिश पद्धतीत तबली पालथी ठेवून तिला दांडी जोडतात, दांडीच्या टाचेत पाडलेल्या खाचांत दोन्ही कडा सरकवितात, आणि लाकडाचे इवलेसे ठोकळे सरसाने एकेक चिकटवून कडा व तबली यांचा सांधा भरतात. पाठ सर्वांत शेवटी बसते. ती एकदा बसली की आतला भाग दृष्टीआड होतो. मग फरक करावयाचा तर छिद्रातून हात जाईल तेवढाच.

कोंडलेल्या हवेलाही स्वतःचा एक सूर असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते. तसेच हे आहे. गिटारीच्या तबलीतील गोल छिद्र म्हणजे बाटलीचे तोंड. साधारण गिटारीत ही हवा सेकंदाला शंभराच्या आसपास कंपनांवर घुमते. सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला ८२ कंपनांचा आणि तिच्या शेजारच्या तारेचा ११० कंपनांचा. म्हणजे हवेचा सूर या दोहोंच्या मध्ये बसतो आणि खालच्या, गंभीर सुरांना भरदारपणा देतो. आपल्या घरी गिटार असेल तर छिद्राजवळ तोंड नेऊन खालच्या पट्टीत गुणगुणून पाहा. एका विशिष्ट सुरावर सबंध पेटी हाताखाली थरथरू लागेल. माझ्या वर्गातील मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

आता पडद्यांकडे वळू. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे वादक ते वरखाली सरकवितो. गिटारीचे पडदे म्हणजे दांडीत करवतीने चिरा पाडून ठोकलेल्या धातूच्या तारा. ते सरकत नाहीत. म्हणून चूक करावयाची तर एकदाच, आणि ती जन्मभर ऐकू यावयाची! येथे मात्र बोटांचा अंदाज चालत नाही. येथे गणितच हवे. सप्तकाचे बारा समान भाग पाडावयाचे, तर प्रत्येक पडद्याशी तारेची जेवढी लांबी उरते तिला १७.८१७ ने भागावे. येईल तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा. ६५० मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर अर्ध्यावर, ३२५ मिलिमीटरवर.

जुने कारागीर १७.८१७ च्या जागी १८ हा सोपा आकडा घेत. प्रख्यात शास्त्रज्ञ गॅलिलिओ यांचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे संगीतज्ञ होते. १८ आणि १७ या प्रमाणाचा पुरस्कार त्यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात केला होता. या हिशेबाने बारावा पडदा ३२५ ऐवजी सुमारे ३२२.६ मिलिमीटरवर येतो, म्हणजे सूर किंचित उतरतो. पण गंमत अशी की बोटाने तार पडद्यावर दाबली की ती जराशी ताणली जाते व सूर किंचित चढतो. एक चूक दुसरीला काही अंशी झाकून टाकीत असे. आजचे कारागीर पडदे अचूक बसवितात, आणि तार दाबल्याने चढणाऱ्या सुराची भरपाई घोडी एकदोन मिलिमीटर मागे सरकवून करतात.

आता माझ्या चुकीकडे परत येतो. पोलादी तारांच्या गिटारी जगात लक्षावधी आहेत. मग त्या का मोडत नाहीत? कारण त्यांचे पोटच निराळे असते. क्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मन कारागीर १८३३ साली सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेन गावाहून अमेरिकेस गेला. तेथे १८४० नंतरच्या दशकात त्याच्या गिटारींत, पंख्याऐवजी फुलीच्या आकारात एकमेकींना छेदणाऱ्या दोन दणकट पट्ट्या येऊ लागल्या. त्या काळी तारा आतड्याच्या, म्हणजे तातीच्या असत. ताण बेताचाच असे. पुढे विसाव्या शतकात पोलादी तारांची मागणी वाढली तेव्हा ही फुलीची रचना थोडी अधिक बळकट करून तो भार पेलण्यास समर्थ ठरली. तिकडे स्पॅनिश गिटारीवर तातीची जागा १९४० नंतरच्या दशकात नायलॉनने घेतली. नायलॉनचा ताणही बेताचाच, म्हणून तिचा पंखा कायम राहिला. बाहेरून दोघी बहिणी दिसतात. पोटात मात्र एक पंखा आहे, दुसरीत फुली. एकीचे ओझे दुसरीवर लादले की माझ्या गिटारीचे झाले तेच होते. म्हणून ज्यांच्या घरी नायलॉनच्या तारांची गिटार आहे त्यांना माझी कळकळीची सूचना आहे: मोठ्या आवाजाच्या मोहाने तिच्यावर पोलादी तारा चढवू नका.

दुसरी सूचना हवामानाची. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने हवेतील दमट घेऊन फुगते व कोरड्या हवेत आकसते. पाठ, कडा, तबली सर्व सरसाने जखडलेली. आकसावयास वाव मिळाला नाही की तबली चिरते. पाचसहा महिने कोकण-गोव्याच्या ओलाव्यात राहिलेली गिटार एप्रिल-मेमध्ये दख्खनच्या कोरड्या उन्हात खिडकीशी टांगून ठेवू नये. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असताना कारागीर गिटार जोडतात. तिला साधारण तेवढीच मानवते. पेटीत घालून ठेवणे हा सोपा उपाय.

आता एका प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे, आणि त्यात आपल्या भूमीचा संबंध येतो. गिटारीची पाठ व कडा यांसाठी पूर्वी ब्राझीलच्या शिसवीला फार मान होता. तोड इतकी झाली की १९६९ च्या सुमारास मार्टिनच्या कारखान्यालाही त्याऐवजी भारतीय शिसव घ्यावी लागली, आणि १९९२ साली वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या करारान्वये ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर कडक बंदी आली. तेव्हापासून जगातील उत्तमोत्तम गिटारींच्या पाठी आपल्या सह्याद्रीच्या व दक्षिणेतील घाटांच्या शिसवीने घडविल्या जात आहेत. शिसवीचे चांगले खोड होण्यास कित्येक दशके लागतात. २०१७ पासून तिचाही व्यापार त्या करारान्वये नियंत्रित झाला. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना तेवढी सूट मिळाली. लाकडावरचे नियंत्रण मात्र कायम आहे, आणि ते असावयास हवे.

प्रश्न असा की शिसवीच्या पाठीने आवाज खरोखरच श्रेष्ठ होतो काय? इंग्लंडातील लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. एकाच कारागिराकडून त्यांनी पोलादी तारांच्या सहा गिटारी घडवून घेतल्या. सर्व बाबतींत त्या होईल तितक्या सारख्या. फक्त पाठ व कडा यांचे लाकूड निरनिराळे. त्यांत ब्राझीलची शिसव होती, भारताची शिसव होती, महोगनी होती, मेपल आणि अक्रोडही होते. बावन्न वादकांना, लाकूड दिसू नये अशी व्यवस्था करून, त्या वाजवावयास दिल्या. वादकांनी दिलेल्या गुणांत फारसा फरक पडला नाही. महाग लाकूड वरचढ ठरले नाही. तोरेसने पुठ्ठ्याच्या गिटारीने जे सुचविले होते त्याच्याशी हे जुळते. मी शिसवीची निंदा करीत नाही; ती देखणी आहे, टिकाऊ आहे, तापल्या नळीवर चांगली वाकते. पण शंभर वर्षांचे झाड केवळ डोळ्यांच्या समाधानासाठी पाडावे काय, याचा विचार आता वाद्य घेणारानेही केला पाहिजे. घाट आपले आहेत. गिटार विकत घेताना दुकानदार पाठीचे लाकूड कौतुकाने दाखवील. आपण ती सुलटी करून तबलीच्या रेषा सरळ व दाट आहेत की नाहीत ते पाहावे, आणि मग डोळे मिटून ऐकावे.

आपल्या देशाची आणखी एक वस्तू या वाद्यावर असते. नामांकित कारागीर आजही तबलीवर जाड रंग देत नाहीत; स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख कापडाच्या बोळ्याने पुनःपुन्हा पुसून तिचा अगदी पातळ थर चढवितात. आपले सुतार यालाच फ्रेंच पॉलिश म्हणतात. आपल्या पळस-कुसुंबाच्या झाडांवरचे किडे ही लाख तयार करतात, आणि ती भारतातून जगभर जाते. थर पातळ का? तर वजन वाढू नये म्हणून. येथेही तोच न्याय: जे ओझे आवश्यक नाही ते तबलीवर घालावयाचे नाही.

तोरेसच्या उतारवयात हुआन मार्तीनेस सिरवेंत नावाचे एक धर्मगुरू त्याचे स्नेही होते. त्यांनी पुढे एका पत्रात त्याची एक आठवण नमूद करून ठेवली आहे. आपले रहस्य जगासाठी मागे ठेवावे, असा विषय निघाला असता तोरेसने सांगितले की ते मागे ठेवता येण्याजोगे नाही. तबली बरोबर साधली की नाही हे आपल्या अंगठ्याला व तर्जनीला कळते, आणि ते आपल्याबरोबरच जाणार. यात दडवादडवी नव्हती असे मला वाटते. पडद्यांचे गणित त्याने कोणालाही दिले असते. पट्ट्यांची संख्या तर आरसा घालून कोणीही मोजू शकतो. परंतु ही फळी, आज, येथे, आणखी एकदा रंधावी की थांबावे, याचे उत्तर त्या फळीवर बोट ठेवल्यावाचून कोणालाच देता येत नाही.

त्या वर्षी आमच्या मुलांनी नाताळची गाणी हार्मोनियमवर म्हटली. गिटार मेस्त्रींच्या दुकानात होती. निघालेली ढलपी त्यांनी सरसाने जागच्या जागी बसविली, आतून स्प्रूसचा एक पातळ तुकडा लावला, घोडी पुन्हा जोडली आणि महिनाभर तिला हात लावू दिला नाही. देताना ते म्हणाले, "मास्तर, हिचा आवाज मऊ आहे, ही हिची खोड नव्हे. मुलांना जरा हळू गायला सांगा."

मी तसे सांगितले. चाळीस मुले हळू गाऊ शकतात, हे मला तोवर माहीत नव्हते. ती गिटार अजून माझ्यापाशी आहे. घोडीखाली बोट फिरविले तर त्या ढलपीचा सांधा अजूनही लागतो.